पिंपाची मुंज

‘बाजारात मिळतं की!’ हे आपल्या भाषेतलं सर्वांत आळशी वाक्य आहे. लोणचं घाला म्हटलं, बाजारात मिळतं की! उशीला अभ्रा शिवा म्हटलं, बाजारात मिळतं की! आता टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने परसात लोखंडी पिंपाचा ‘स्मोकर’ करायला घेतला, तर आमच्या मेहुण्यांनी हेच वाक्य पुण्याहून फोनवर सातासमुद्रापार पोचवलं. मी भाच्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

स्मोकर म्हणजे मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची भट्टी. मध्य टेक्सासात हा जवळजवळ धर्मच आहे. तिकडे स्थायिक झालेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी दुकानातलं उरलेलं मांस धुरवून विकायला सुरुवात केली आणि लॉकहार्टसारख्या गावांचं नाव त्या धुरावर दूरवर गेलं.

घरी करायचा तर लागतं ५५ गॅलनचं, म्हणजे सुमारे २०८ लिटरचं पिंप. तळाशी हवेसाठी तीन-चार भोकं, झाकणाला धूर जायला भोकं. तळापासून चार बोटं उंचावर कोळशाची जाळीदार टोपली, म्हणजे राख खाली पडते. तिच्या वर दीड-दोन फुटांवर मांसाची जाळी. संपलं शास्त्र! ज्यांच्या घरी पाणी तापवायचा बंब होता, त्यांना यात नवीन काय आहे? खालून हवा, मध्ये निखारे, वरून धूर. आपण ज्या विद्येवर आंघोळी केल्या, तिच्यावर टेक्सासवाले जेवतात, एवढंच.

मेहुण्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं नाही. आता विजेवर चालणारे स्मोकर मिळतात. ते लाकडाच्या गोळ्या आपापल्या पोटात ढकलतात, उष्णता स्वतः सांभाळतात आणि मांस शिजलं की मालकाच्या मोबाइलवर वर्दी देतात. मालकाने फक्त खायचं. पण यंत्र रुसलं, की हाच मालक अंगणात मोबाइल हातात धरून उभा! आच का उतरली, हे त्याला कळायचं कसं? आणि बाजारातल्या वस्तू तरी आकाशातून पडतात काय? अमेरिकेतली घरोघरची ती गोल वेबर शेगडी १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने केली, ती कारखान्यातला समुद्रावर तरंगायचा लोखंडी बोया मधोमध कापून. त्याचे मेहुणे ‘बाजारात मिळतं की’ म्हणाले असते, तर ती बाजारात आलीच नसती.

खरा वाद पुढेच आहे. भोकं पाडली, जाळ्या बसवल्या म्हणजे पिंप तयार झालं असं नाही. त्याची मुंज व्हावी लागते. आतला रंग उघड्यावर लाकडांचा मोठा जाळ करून जाळायचा, मग घासून पुसून आतून तेलाचा पातळ हात फिरवायचा. झाकण ठेवून कोळसे पेटवायचे आणि तीन-चार तास १२० ते १३५ अंश सेल्सिअसवर तापू द्यायचं. आत मांसाचा तुकडासुद्धा नाही! मेहुण्यांना ही शुद्ध उधळपट्टी वाटते. पण त्या रिकाम्या तासांत तेलाचा काळा थर लोखंडाला धरतो आणि गंजाला थारा देत नाही. कुठलं भोक किती उघडलं की आच किती चढते, तेही तेव्हाच कळतं. दाट पांढरा धूर मांस कडू करतो. पातळ, निळसर धूर धरला की जिंकलं.

आपण ‘नवं कोरं’ म्हणून वस्तूचं कौतुक करतो. कोऱ्या तव्यावर घावन घालून पाहा, मग कोरेपणाचं कौतुक उलथन्याने खरवडत बसा! विकतच्या स्मोकरलासुद्धा हा संस्कार लागतो आणि सोबतच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंही असतं. पण विकत घेणारा पुस्तिका वाचतो कधी? ती तो कपाटात ठेवतो.

घरगुती म्हणजे बेफिकीर मात्र नव्हे. जस्ताचा मुलामा असलेलं पिंप तापवलं तर विषारी वाफ सुटू शकते. कीटकनाशकाचं पिंप तर चुलीच्या आसपासही आणू नये. स्वतः करणाऱ्याला हे माहीत असावंच लागतं, म्हणून तर तो शहाणा होतो.

आणि हे शहाणपण पुढे उपयोगी पडतं. मांसाचा मोठा तुकडा आतून ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आला, की उष्णता तासन्‌तास तिथेच अडून बसते. मांसातलं पाणी वाफ होऊन जाताना त्याला थंड करत असतं, घामाने अंग निवावं तसं. उतावळा माणूस इथे जाळ वाढवतो आणि मांसाचं चामडं करतो. ज्याने रिकाम्या पिंपापाशी तीन तास काढले आहेत, तो खुर्ची सरकवून बसून राहतो.

कच्ची वस्तू हळूहळू तयार होताना पाहिलेलीच नाही, अशी पोरं आपण घरोघर वाढवतो आहोत. त्यांच्यापुढे सगळं खोक्यातून तयार होऊनच येतं. मग दोन दिवसांत गणित आलं नाही की गणितच वाईट! भाच्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. पिंपापासून चार हात लांब उभी राहून, नुसता धुराचा रंग बघून ती बापाला सांगते, “बाबा, डावीकडचं भोक जरा उघडा.” मेहुण्यांनी तिला एकदा विचारावं, हे कुठल्या बाजारात मिळतं.