बंदूक कोणाकडे, हे किती उघड व्हावे?

भिवंडीतील शस्त्र परवाने ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतात. परवानाधारकाचे नाव, पत्ता, शस्त्राचा तपशील राष्ट्रीय माहितीकोशात नोंदवून त्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. ही माहिती ‘आरटीआय’मध्ये मागता येते? २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(जे) मध्येच पूर्वी व्यापक जनहिताचा अपवाद होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तो वगळला. आता भिस्त कलम ८(२) वर. घराचा पत्ता झाकावाच, कुठे पिस्तूल आहे हे चोरालाही हवेच असते. पण एकूण परवाने किती, कोणत्या कारणासाठी दिले, गुन्हे दाखल असलेल्यांना किती, हे आकडे ‘वैयक्तिक’ कसे? कलम ४ नुसार ते आयुक्तालयाने न मागताच प्रसिद्ध करावेत.