नाव देण्यापूर्वी दुसऱ्याचे खाते मांडावे

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर चंद्रपूरच्या एका फरसाणाच्या दुकानात गडचिरोलीचा एक तरुण आला. कांदा, लसूण, बटाटा न वापरता केलेल्या शेव-चिवड्यासाठी या पेढीचा दोन पिढ्यांचा लौकिक आहे. तरुणाची विनंती स्पष्ट होती : "शेठजी, गडचिरोलीसाठी तुमच्या नावाची फ्रँचायझी मला द्या." त्याचे वडील नुकतेच शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांना मिळालेल्या रकमेतून ६ लाख आणि बँकेचे कर्ज ६ लाख, असे १२ लाख रुपये तो गुंतवणार होता. त्यांतले ३ लाख शुल्क म्हणून पेढीला मिळणार होते. शिवाय विक्रीवर दरमहा ५ टक्के रॉयल्टी.

मुलाला प्रस्ताव पसंत पडला. "बाबूजी, आपला एक रुपयाही न घालता दुकान वाढते आहे. पुढे वडसा, ब्रह्मपुरी, आलापल्लीही होईल."

"आपला रुपया लागत नाही, पण कोणाचा तरी लागतोच ना, बेटा? आधी त्याचे खाते मांडू."

मग पिता-पुत्रांनी कागद घेतला. महिन्याची विक्री ३ लाख धरली. पेढीकडून घेतलेल्या मालावर २५ टक्के नफा, म्हणजे ७५,००० रुपये. त्यातून भाडे १२,०००, दोन नोकरांचा पगार २४,०००, वीज ६,००० आणि चंद्रपूरहून माल नेण्याचा खर्च ९,०००. रॉयल्टी १५,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी २,७००. कंपोझिशन योजनेतील छोट्या दुकानदाराला या कराची वजावटही मिळत नाही. उरले ६,३००. पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता मात्र सुमारे १३,०००. विक्री ३ लाख ३५ हजारांवर गेली तरच हप्ता सुटतो, आणि तेव्हाही त्या तरुणाच्या स्वतःच्या श्रमाचे मोल शून्यच राहते.

विक्री बारा महिने सारखी राहील, हे गृहीतकही या भागात धोक्याचे आहे. मुंबईत २००१ साली मालाड स्थानकाजवळ सुरू झालेला जम्बोकिंगचा वडापाव पुढे फ्रँचायझीच्या मार्गाने वाढला. परंतु उपनगरी स्थानकांवर गिऱ्हाईक रोज येते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बाजार हंगामावर चालतो. उन्हाळ्यात तेंदूपानांच्या संकलनाचा पैसा हाती येतो, दिवाळीनंतर धानाचा. मधल्या पावसाळ्यात हात आखडतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा महिन्यात विक्री २ लाखांवर आली, तर वरच्याच हिशेबाने हप्त्यापूर्वीच १२,८०० रुपयांची तूट पडते.

"तूट पडली की तो काय करील?" वडिलांनी विचारले. मुलगा गप्प राहिला. उत्तर दोघांनाही ठाऊक होते. तेल हलके होईल, बाहेरचा स्वस्त माल आपल्या पाकिटात भरला जाईल. त्यात कांदा-लसूण आहे की नाही, हे चंद्रपुरात बसून कोण पाहणार? विश्वासाने खाणाऱ्याचा नियम मोडेल आणि दोष पाटीवरच्या नावाला लागेल.

करारामुळे सर्व काही सुरक्षित होते, असाही समज असतो. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. करार चालू असताना प्रतिस्पर्धी व्यवसाय न करण्याची अट घालता येते. परंतु करार संपल्यावरही तोच धंदा करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पेढीच्या हाती खात्रीचे उरते ते नाव, आणि त्याची तर व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही झालेली नव्हती. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते व पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणीविना नाव दुसऱ्याला वापरू देणे म्हणजे सातबारा पाहिल्याविना शेत बटाईने देणे होय.

आठवड्याने तरुण परत आला, तेव्हा शेठजींनी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोनदा बेरीज तपासली. "म्हणजे नाहीच म्हणता?"

"आज नाही. तुझ्या काकांचे किराणा दुकान आहे ना? तिथे एक कपाट आमच्या मालाला दे. शुल्क नको, अनामत नको. सीलबंद पाकिटे आमच्याकडून घे, रोखीने विक, विक्री रोजच्या रोज लिहून ठेव. तेंदूचा, पावसाचा आणि दिवाळीचा, तिन्ही हंगामांचे आकडे घेऊन पुढच्या वर्षी ये. वडिलांची रक्कम तोवर बँकेतच राहू दे."

तरुण थोडा हिरमुसला. तरी निघताना पहिल्या मालाची यादी देऊन गेला. त्याच आठवड्यात मुलाने व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा अर्ज भरला.

फ्रँचायझी हा विस्ताराचा वाईट मार्ग नव्हे. मात्र शुल्काची रक्कम पेढीच्या जमेला पडण्यापूर्वी, घेणाऱ्याच्या वहीत घरखर्चापुरते तरी शिल्लक राहते का, हे पाहणे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्याला फक्त शुल्क हवे असते, तो हा कागद मांडत नाही. ज्याला पुढच्या पिढीतही तेच नाव चालवायचे असते, त्याने तो मांडल्याशिवाय सही करू नये.