देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याची मान



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या पॅरिशमध्ये दानाची पाकिटं वाटली जातात. यंदा ती वाटताना धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, "सर, हे पैसे ज्यांना मिळतात, त्यांना घेताना कसं वाटतं?" मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न पाठ सोडेना. तेव्हा मला केप व्हर्दे आठवला.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ५७० किलोमीटर आत समुद्रात हा दहा बेटांचा देश आहे. लोकसंख्या जेमतेम पाच लाख. गोव्यासारखाच तोही पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथला सांतियागोचा धर्मप्रांत आणि आपला गोव्याचा धर्मप्रांत एकाच सुमारास, १५३३-३४ च्या आसपास स्थापन झाले. गोवा १९६१ मध्ये सुटला, केप व्हर्देला ५ जुलै १९७५ ची वाट पाहावी लागली.

तिथलं दुखणं पाऊस. १९४० च्या दशकात दोन मोठे दुष्काळ पडले आणि हजारो माणसं उपाशी मेली. २० फेब्रुवारी १९४९ ला राजधानी प्रायामध्ये सरकारी मदतकेंद्राजवळ भुकेली माणसं जेवणासाठी जमली होती. केंद्राची भिंत त्यांच्यावर कोसळली आणि दोनशेहून जास्त लोक गेले. तो प्रसंग वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मदत घ्यायला आलेली माणसं मदतीच्याच भिंतीखाली!

स्वातंत्र्यानंतर परदेशांतून धान्य येऊ लागलं. नव्या सरकारनं ते सरसकट फुकट वाटलं नाही. दुकानांतून विकलं, आणि आलेल्या पैशातून लोकांना कामं दिली: डोंगरउतारावर दगडी बांध घालणं, ओढ्यांवर लहान धरणं बांधणं, झाडं लावणं, रस्ते करणं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. खडी फोडून आणि नालाबांध घालून त्यांनी तेच केलं होतं. तिथली मजुरी तुटपुंजी होती, काम कष्टाचं होतं, त्याला फार गोंडस रूप देऊ नये. पण संध्याकाळी माणूस घरी जायचा तो मजुरी घेऊन, भीक घेऊन नव्हे.

आता दुसरा देश, लक्झेंबर्ग. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग विकासासाठी द्यावा, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. बहुतेक बड्या देशांना ते आजवर जमलेलं नाही. लक्झेंबर्ग सुमारे १ टक्का देतो. १९९३ पासून केप व्हर्दे त्याचा खास भागीदार आहे, आणि २००२ पासून काही वर्षांचा एकेक कार्यक्रम दोघं बसून ठरवतात. त्यातून व्यवसाय-शिक्षण, पाणी आणि स्वच्छता, अलीकडे सौर-पवन ऊर्जा अशी कामं होतात. प्रायामधल्या हॉटेल-व्यवसायाच्या शाळेलाही त्याचा हातभार आहे. मदतीतला काही भाग केप व्हर्देच्या सरकारी अंदाजपत्रकातूनच खर्च होतो. हिशोब द्यावा लागतो, पण तिजोरीची किल्ली घरच्या माणसाकडे राहते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

शिवाय हा मामला एकतर्फी नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत केप व्हर्देची कितीतरी माणसं लक्झेंबर्गला जाऊन राहिली. त्यांनी तिथली घरं बांधली, कचेऱ्या झाडल्या, आणि पगारातून गावी पैसे पाठवले. मग देणारा नक्की कोण म्हणायचा?

डिसेंबर २००७ मध्ये केप व्हर्दे अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला हिवतापमुक्त जाहीर केलं. हे सगळं लक्झेंबर्गमुळे झालं असं मी म्हणणार नाही. ते त्या बेटांवरच्या लोकांचं कर्तृत्व आहे.

एक गोष्ट मात्र खटकते, ती झाकून ठेवणं बरं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये जगासमोर आलं की, शेकडो मोठ्या कंपन्यांना कर जवळजवळ बुडवता येईल अशी सोय याच लक्झेंबर्गनं करून दिली होती. एका हातानं शंभरातला एक द्यायचा, आणि दुसऱ्या हातानं इतर देशांच्या तिजोरीत जायचा कर वाटेतच अडवायचा! पुदिना-जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय विसरणाऱ्या परूश्यांना प्रभू काय म्हणाला, ते आपण वर्गात शिकवतो. तरी मी त्यांचं दान खोटं ठरवत नाही. दान खरं आहे, कराचं पापही खरं आहे, आणि एकानं दुसरं फिटत नाही.

आणि आपलं काय? नाताळात आपण गरजू कुटुंबांना तांदूळ-डाळीच्या पिशव्या देतो. हॉलसमोर रांग लावतो, फ्लेक्स लावतो, फोटो काढतो. फोटो मीच काढत असे, आणि दोन वर्षांत पॅरिशच्या ग्रुपवर मीच टाकले. आमच्या वाड्यातल्या एक मावशी गेल्या वर्षी आल्या नाहीत. पिशवी घेऊन घरी गेलो तर म्हणाल्या, "तांदूळ नको असं नाही रे बाबा. फोटो नको." त्यांची नात त्याच ग्रुपवर आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलची बैठक आहे. मी दोनच गोष्टी मांडणार आहे. यंदा फोटो नको, रांगही नको. आणि पाकिटांत जमलेल्या पैशांचं काय करायचं हे ठरवताना ज्या कुटुंबांना ते जाणार आहेत, त्यांतल्या चार-पाच जणांना टेबलाशी खुर्ची द्यावी. मावशींना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "येते, पण बोलू द्याल ना?"