काढलेली गाठ टाकू नका, तपासून घ्या

ऑपरेशन थिएटरचे दार उघडले, की बाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, गाठ पूर्ण निघाली ना?" दुसरा प्रश्न, "टाके कधी काढणार?" पण "गाठ तपासायला पाठवली का?" हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा.

शेजारच्या तालुक्यातील एका बाईंच्या स्तनातील लहानशी गाठ एका ठिकाणी काढली होती. "साधी गाठ आहे, काळजी नको," असे सांगून ती टाकून देण्यात आली. दहा महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा काखेत घट्ट गाठी लागत होत्या. तपासणीत कॅन्सर निघाला. पहिली गाठ कसली होती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. ती त्याच वेळी तपासली असती, तर उपचार कदाचित दहा महिने आधी सुरू झाले असते.

अनुभवी सर्जनचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. गाठ साधी की कर्करोगाची, हे पेशींची रचना पाहूनच ठरते. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरशो यांनी 1858 मध्ये रोगाचे मूळ पेशीत शोधायला शिकवले, आणि आजही कॅन्सरचे पक्के निदान मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

"मग रिपोर्टला इतके दिवस का लागतात?" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला चार-आठ दिवस कशाला? कारण मांसाचा तुकडा जसाच्या तसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यातून प्रकाशच आरपार जात नाही. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग त्याचे पातळ काप करून अल्कोहोलने त्यातील पाणी काढतात. झायलीनने अल्कोहोल काढून पाण्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. अशा रीतीने मेणाची वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रे काढतात. ते कोमट पाण्यावर पसरून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. हिमॅटॉक्सिलीन या झाडापासून मिळणाऱ्या रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, तर इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. मग पॅथॉलॉजिस्ट ती काचपट्टी वाचतात. तुकडा हाडाचा असेल, तर आधी त्यातील चुना विरघळवावा लागतो, म्हणून आणखी दिवस लागतात. तेव्हा रिपोर्टसाठी घाई करू नका, तुकडा पाठवण्यासाठी मात्र जरूर करा.

शरीरातून निघालेला तुकडा त्या क्षणापासून कुजू लागतो. पेशींतीलच पाचक द्रव्ये पेशींना खाऊ लागतात. फॉर्मॅलिन ही क्रिया थांबवते. फर्डिनांड ब्लुम यांनी 1893 मध्ये हा गुण दाखवून दिला, आणि आजवर नेहमीच्या कामासाठी तेच वापरात आहे. असे असूनही सलाईनच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये, कधी नुसत्या कापसात गुंडाळलेले तुकडे एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जातात. सलाईनमध्ये तुकडा कुजतो, स्पिरिटमध्ये आकसतो, आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर बर्फाचे कण पेशी फोडतात. असा तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडला, तर ते तरी काय सांगणार?

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. बाजारातील तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण लागते. प्रयोगशाळेतून तयार बफर केलेले मिळाले, तर उत्तमच. द्राव तुकड्याच्या निदान दहापट हवा. बाटली रुंद तोंडाची असावी, कारण मुरलेला तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे, बाटलीवरच लिहावे, कारण झाकणांची अदलाबदल होते. सोबतच्या कागदावर वय, गाठीची जागा आणि ती किती दिवसांपासून आहे, हे असावे. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे चुरचुरतात, म्हणून झाकण घट्ट लावावे आणि बाटली मुलांपासून दूर ठेवावी.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. मानेतील गाठ क्षयाची असल्याची शंका असेल, तर जंतूंच्या कल्चरसाठी वेगळा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये घालून लगेच पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मात्र दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये हवाच.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो," ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. तज्ज्ञाने विचारपूर्वक केलेल्या बायोप्सीने असे होणे अगदीच दुर्मीळ. त्या भीतीने निदान लांबवण्यात धोका कितीतरी मोठा आहे.

आणखी एक फायदा बहुतेकांना ठाऊक नसतो. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायचे झाले, तर ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून नेता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कोणते औषध लागू पडेल, हे ठरवणाऱ्या तपासण्याही याच ब्लॉकवर होतात. त्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये साधारण सहा ते बहात्तर तास मुरलेला असावा. म्हणजे बाटली टेबलावर आठवडाभर पडून राहिली, तरीही नुकसानच.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. तज्ज्ञांनी ठरवलेले मोजके अपवाद सोडले, तर काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला पाठवा आणि रुग्णाला तसे सांगा. खर्च वाचवण्यासाठी रुग्णच नको म्हणाला, तर त्याला दोन मिनिटे समजावून सांगा. आणि वाचकहो, ऑपरेशनच्या आधीच विचारा, "डॉक्टरसाहेब, गाठ तपासायला कुठे पाठवणार?" यात डॉक्टरवर अविश्वास मुळीच नाही. रिपोर्ट हाती आला, की तो कपाटात ठेवून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, समजून घ्या आणि जपून ठेवा.