व्हॉल्व्हला शिव्या देण्याआधी दाब बघा

ठिबकला ऑटोमेशन बसवलेले बरेच जण म्हणतात, "सोलेनॉईड व्हॉल्व्ह आपल्याकडं चालत नाहीत." माझं मत वेगळं आहे. व्हॉल्व्ह चालतो, पण तो कशावर चालतो हे विकणारा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

साधा हिशोब करा. दोन इंची व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्र साधारण 20 चौरस सेंटिमीटर. लाईनला 2 किलो दाब असेल तर जोर झाला 40 किलो. एवढा जोर ती बोटभर कॉईल उचलणार कुठून? ती उचलतच नाही. ती फक्त एक बारीक भोक उघडते. रबरी पडद्याच्या वर कोंडलेलं पाणी त्यातून निसटतं, वरचा दाब उतरतो आणि खालचं पाणी पडदा वर ढकलतं. कॉईल बंद झाली की भोक मिटतं, दुसऱ्या बारीक वाटेनं वर पुन्हा पाणी भरतं आणि पडदा बसतो. काम सगळं पाण्याचंच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर पाण्याच्याच जोरावर उघडतात, ते आपल्याला नवीन नाही.

आता यातूनच दोन गोष्टी निघतात.

एक, दाब नसेल तर पडदा हलणार नाही. बहुतेक व्हॉल्व्हना साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतो. नक्की आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. तीन मीटर उंचीच्या टाकीचा दाब भरतो जेमतेम 0.3 किलो. तिथं हा व्हॉल्व्ह लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

दोन, बारीक वाटा गाळानं तुंबतात. पावसाळ्यात पंचगंगेचं, भोगावतीचं लाल पाणी उचलताना हेच होतं. वर पाणी भरायची वाट तुंबली की व्हॉल्व्ह बंदच होत नाही. रात्रीच्या लाईटीत आपण घरी निवांत आणि उसात पाणी चालूच! शिरोळकडची क्षारपड रानं बघितलेल्याला जादा पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं: कंट्रोलर, मोबाईल ॲप नंतर. आधी लांबच्या प्लॉटवर मोटर चालू असताना दाब मोजा. व्हॉल्व्हच्या आधी चांगला फिल्टर पाहिजेच, आणि तो वेळच्या वेळी धुतला पाहिजे. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे का बघा. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, झाकण खोलून पडदा आणि भोकं साफ करा. आणि जो डीलर दाब न मोजता कोटेशन देतो, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

रात्री साप, गव्याच्या भीतीत पाणी पाजणं थांबवायचं असेल तर ऑटोमेशन पाहिजेच. पण ते समजून घेऊन.

तुमच्या शेवटच्या व्हॉल्व्हला दाब किती मिळतो? मोजून कमेंटमध्ये टाका.