देह रुग्णाचा, पेटंट दुसऱ्याचे

रुग्णालयात तपासणीसाठी दिलेल्या रक्तातून जे उरते त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव डोळ्यांनी पाहण्याचेही आपण टाळतो. देहातून जे गेले ते गेले, अशी आपली धारणा असते. तथापि गेल्या अर्धशतकात जनुक अभियांत्रिकीने या टाकाऊ वस्तूला मोल आणले आहे. आणि मोल आले की त्यामागोमाग मालकीचा प्रश्न येतो. अमेरिकेतील एका न्यायालयाने १९९० साली या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ते का अपुरे होते, याचा विचार आपणही करणे अगत्याचे आहे.

जॉन मूर हे अलास्कातील तेलवाहिनीच्या कामावर होते. १९७६ साली त्यांना रक्ताच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार जडल्याचे निष्पन्न झाले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांची प्लीहा, म्हणजे पानथरी, काढण्यात आली. तिला त्यांची लेखी संमती होती. पुढे सुमारे सात वर्षे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून सिएटलहून तेथे येत राहिले आणि रक्त, त्वचा, अस्थिमज्जा यांचे नमुने देत राहिले. हे सारे आपल्या प्रकृतीसाठीच चालले आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात, रोगप्रतिकारशक्तीचे नियमन करणारी काही प्रथिने त्यांच्या पेशी विपुल प्रमाणात निर्माण करीत होत्या. त्यामुळे त्या प्रथिनांची जनुके शोधणे आणि त्यांच्या साहाय्याने औषधी द्रव्ये तयार करणे सुकर होणार होते. त्या पेशींपासून प्रयोगशाळेत अखंड वाढणारा पेशीवंश तयार करण्यात आला. १९८१ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९८४ मध्ये ते विद्यापीठाला मिळाले. संशोधक म्हणून त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते. एका कंपनीशी करार होऊन डॉक्टरांना ७५,००० शेअर नाममात्र किमतीत देऊ करण्यात आले.

मूर यांना शंका आली ती १९८३ मध्ये. पेशीवंशावरील सर्व हक्क सोडून देण्याविषयीचे संमतिपत्र त्यांच्यापुढे ठेवण्यात आले, तेव्हा अखेरीस त्यांनी नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९० मध्ये निर्णय दिला. डॉक्टरने आपला संशोधनातील व आर्थिक हितसंबंध रुग्णापासून लपविला असेल, तर तो विश्वासभंग ठरतो आणि त्याबद्दल रुग्णाला दाद मागता येईल, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र देहातून काढलेल्या पेशी ही मूर यांची मालमत्ता आहे, हे मान्य करण्यास बहुमताने नकार दिला. ती मान्य केली तर प्रत्येक नमुन्यामागे खटल्याचे भय उभे राहील आणि वैद्यकीय संशोधन खुंटेल, असा त्यामागील युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद पोकळ नव्हे. पेशींच्या मुक्त देवघेवीवाचून आधुनिक वैद्यक पुढे सरकू शकत नाही. परंतु त्यातील विसंगतीही लपत नाही. मानवी पेशी इतक्या पवित्र असतील, की त्यांची मालकी कोणालाच असू नये, तर ती विद्यापीठालाही असता कामा नये. या निर्णयाने पेशींना बाजाराबाहेर ठेवले नाही. ज्याच्या देहातून त्या आल्या, केवळ त्यालाच बाजाराबाहेर ठेवले. न्यायमूर्ती ब्रूसार्ड यांनी आपल्या भिन्न मतपत्रात नेमके यावरच बोट ठेवले होते.

मग मूर यांना मालक ठरविले असते तर प्रश्न सुटला असता काय? आम्हाला तसे वाटत नाही. मालकीत विक्रीचा हक्क अध्याहृत असतो, आणि दारिद्र्य असलेल्या समाजात देहाच्या विक्रीचा हक्क म्हणजे काय, हे आपण मूत्रपिंडांच्या व्यापारात पाहिले आहे. कर्जाने गांजलेल्या माणसाचे 'स्वातंत्र्य' तेथे किती उरते? म्हणूनच आपल्या संसदेने १९९४ साली मानवी अवयवांच्या व्यापारास बंदी करणारा कायदा केला. तो प्रथम ज्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा ही राज्ये होती. त्यातील तत्त्व पेशींच्या बाबतीत सोडून देण्याचे कारण नाही.

वस्तुतः अन्यायाचे मूळ पैशाच्या वाटणीपूर्वीच असते. बाल्टिमोर येथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत आणि पोलिओच्या लसीच्या परीक्षणातही त्या उपयोगी पडल्या. तिच्या कुटुंबाला ही गोष्ट कळली ती १९७३ च्या सुमारास, आणि या पेशी विकणाऱ्या एका कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. बहात्तर वर्षे टाळला गेला तो मोबदला खराच, पण त्याआधी टाळला गेला तो एक साधा प्रश्न: "घेऊ का?"

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नमुना हा देणाऱ्याचा आणि संस्था त्याची केवळ राखणदार, अशी उचित भूमिका घेतली आहे. परंतु सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासन् तास रांगेत उभ्या असलेल्या माणसापुढे छापील कागद येतो, तेव्हा तत्त्वाचे रूपांतर अंगठ्याच्या ठशात होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून तीन गोष्टी कायद्यानेच बंधनकारक केल्या पाहिजेत. संशोधनासाठी घ्यावयाची संमती उपचाराच्या संमतीपासून वेगळी, रुग्णाच्या भाषेत आणि उपचार न करणाऱ्या व्यक्तीने घ्यावी. डॉक्टरचा आर्थिक हितसंबंध असेल तर तो आधी उघड करावा. आणि अशा पेशींपासून नफा झाल्यास त्याचा निश्चित वाटा, एकेका रुग्णाला नव्हे, तर सार्वजनिक आरोग्यसेवेला मिळावा. संशोधनाला यामुळे खीळ बसेल असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले रक्त लोककल्याणासाठी देण्यास सामान्य माणूस सहसा नकार देत नाही. रक्तदान शिबिरांतून आपण ते नित्य पाहतो. तो नकार देतो, तो आपण फसविले गेलो हे कळल्यावर.