कराटे शिकलात, मग मारामारी कशाला?

विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. मुलामुलींनी शिकलेच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण परवा एका पोराने विचारले, "ताई, खरी मारामारी केल्याशिवाय आपल्याला येतंय हे कळणार कसं?" बाकीची पोरे हसली नाहीत. सगळ्यांच्या मनात तेच होते.

आम्ही कॅज्युअल्टीत अनेक वर्षे ड्युटी केली. वर्गात खाली मॅट असते, थांब म्हणणारे सर असतात. विरार लोकलच्या दारात किंवा नालासोपाऱ्याच्या काँक्रीटच्या रस्त्यावर यातले काही नसते. पुष्कळदा ठोसा नाही, पडताना आपटलेले डोके जिवावर बेतते. पोरगा उठतो, बोलतो, घरी जाऊन जेवतो. काही तासांनी हाका मारल्या तरी उठत नाही. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

मारणाराही सुटत नाही. समोरच्याचा दात बोटाच्या सांध्यावर लागला की जखम तिळाएवढी दिसते, पण तोंडातले जंतू सांध्यात शिरतात. हळद लावून घरी बसलेल्यांची बोटे कायमची आखडलेली आम्ही पाहिली आहेत. डॉक्टरांना खरे सांगा; 'दारात बोट सापडले' म्हणू नका.

मग मार खात राहायचे का? अजिबात नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली लाथ त्यात बसत नाही. आणि गुन्हा नोंदला गेला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांनी हे नीट ऐकावे.

त्या पोराला आम्ही महाड सांगितले. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या आपल्या माणसांवर, वीरेश्वर मंदिरात शिरणार असल्याची अफवा उठवून, जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला. आपल्यात लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. त्यांना लढता येत नव्हते असे कोण म्हणेल? बाबासाहेबांनी त्यांना आवरले. जखमींवर उपचार झाले, फिर्यादी झाल्या आणि हल्लेखोरांपैकी काहींना तुरुंगवास झाला.

पोरगा म्हणाला, "मग शिकायचं कशाला?" आम्ही म्हटले, अंगावर कोणी आले तर गांगरून न जाता बहिणीला घेऊन बाहेर पडता यावे म्हणून. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही.

सरांना मात्र आमची विनंती आहे: महिन्यातला एक वर्ग प्रथमोपचाराला द्या. शिकवायला आम्ही येतो, पट्ट्यांची पेटी मंडळाने आणावी.